दोन डायरेक्टरांची कंपनी

जनार्दन चुरी मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी नमस्कारही केला नाही. अर्धं मिनिट माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुमचा चेहरा बातम्यांचा आहे."

मी तेव्हा वसईतल्या एका शाळेत मराठी शिकवत होते आणि ते आमच्या स्नेहसंमेलनाचं व्हिडिओ शूटिंग करायला आले होते. मी मूळची कऱ्हाडकडची, लग्नानंतर नालासोपाऱ्यात तुळिंजला राहायला आलेली. आमच्याकडे चेहरा गोरा असतो, सावळा असतो, फार तर रागीट असतो. बातम्यांचा चेहरा मी कधी ऐकला नव्हता. यावर हसावं की रागवावं हे ठरेपर्यंत ते कॅमेरा खांद्यावर टाकून मुख्याध्यापकांकडे वळले होते. मुख्याध्यापकांचा चेहरा त्यांना मुलीच्या गरीब बापाचा वाटला, आणि तसं त्यांनी सांगूनही टाकलं.

पुढे कळलं की ही त्यांची रीतच होती. समोर माणूस आला की जनूभाऊ आधी त्याला एखाद्या भूमिकेत बसवत, आणि मग तो माणूस आयुष्यात काहीही करो, जनूभाऊंच्या लेखी तो तोच राहायचा. स्टेशनसमोरचा भाजीवाला न्यायाधीश होता. बँकेतले एक अतिशय सज्जन कॅशियर खबरी होते. एकदा एका खऱ्या इन्स्पेक्टरला त्यांनी अदबीनं सांगितलं की साहेब, तुमचा चेहरा पाकीटमाराचा आहे, पण शेवटी सुधारणाऱ्याचा. त्या इन्स्पेक्टरनी त्यांना तासभर बसवून ठेवलं आणि मग चहा पाजून सोडलं. आठ दिवसांनी त्यांच्याकडूनच निरोप आला, तसा एखादा रोल असेल तर कळवा.

या सवयीपायी त्यांचं लग्न राहिलं असं होळीतले लोक म्हणत. एका मुलीला बघायला गेले आणि पोहे खाता खाता तिच्या वडिलांना म्हणाले, हिचा चेहरा नर्सचा आहे. वडील चिडले, पण मुलीला ते पटलं असावं. ती पुढे खरोखरच नर्स झाली. लग्न दुसरीकडे केलं.

होळी म्हणजे सण नव्हे, वसईजवळचं गाव. तिथे जनूभाऊंची वाडी होती. केळी, पानवेल, मोगरा, थोडी भाजी आणि मधोमध विहीर. आईवडील लवकर गेल्यामुळे त्यांना थोरल्या भावानं आणि वहिनीनं वाढवलं. नंतर भाऊही गेला. दोन्ही पुतण्या लग्न होऊन सासरी गेल्या. घरात उरले जनूभाऊ आणि जानकीवहिनी. वाडी वहिनी बघायच्या आणि जनूभाऊ लग्नांचं शूटिंग करायचे. आपसात दोघं त्यांच्या वाडवळी बोलीत बोलायची. मला त्यातलं अर्धंमुर्धं कळायचं. मी ओटीवर आले की दोघंही शाळेतल्यासारखं मराठी सुरू करत, आणि मला उगाच वर्गावर आल्यासारखं वाटे.

ओटीवर जाण्याचं कारण अर्थात बातम्या. नव्वदच्या दशकात गावोगावी केबल आली, तेव्हा केबलवाल्यांना स्वतःचं काहीतरी दाखवायची हौस होती. जनूभाऊंनी स्थानिक बातम्या करायचं ठरवलं आणि माझा चेहरा तर त्यांनी आधीच बघून ठेवला होता. ओटीवर निळी चादर बांधायची, समोर खुर्चीत मी. बुधवारी कुठे पाणी येणार नाही, कुठल्या मंडळाचं नाटक आहे, कोणाची म्हैस हरवली. मागे कोंबडा आरवला की पुन्हा पहिल्यापासून. मग जनूभाऊ ती कॅसेट स्कूटरवरून केबलवाल्याकडे पोचवत. एका हरवलेल्या म्हशीची बातमी मी सलग तीन दिवस वाचली. म्हैस सापडली ती रेडकासकट, आणि तिचा मालक खरवस घेऊन थेट माझ्या वर्गात आला. मुलांनी महिनाभर मला वाचायला बातम्या सुचवल्या.

आल्यागेल्या प्रत्येकाला जनूभाऊ म्हणायचे, "बसा, आपलीच कंपनी आहे." वीजबिलवाला आला तरी हेच. त्या वेळी कंपनी नव्हतीच, एक कॅमेरा आणि दोन लाइट होते. पण 'आपलीच कंपनी' म्हणताना ते 'च'वर असा जोर देत की माणूस बसायचाच.

खरी कंपनी झाली ती मालिकेमुळे. एका मराठी वाहिनीला आठवड्याच्या मालिका हव्या होत्या. जनूभाऊंनी वाडीतल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगितली, मी ती लिहून काढली, आणि काय आश्चर्य, वाहिनीला ती आवडली. मात्र त्यांना रीतसर नोंदलेली कंपनी हवी होती. वसई रोडचे चार्टर्ड अकाउंटंट म्हणाले, प्रायव्हेट लिमिटेड करा, त्याला निदान दोन डायरेक्टर लागतात. जनूभाऊ घरी आले. वहिनी पडवळाला मांडव घालत होत्या. ते म्हणाले, तुला डायरेक्टर व्हायचंय. वहिनींनी विचारलं, काय करावं लागेल? फक्त सही, ते म्हणाले. सुतळीची गाठ मारून होईपर्यंत वहिनींनी विचार केला आणि होकार दिला, पण सिनेमात तोंड दाखवणार नाही या अटीवर.

कोणाचा किती हिस्सा, असं अकाउंटंटनी विचारलं तेव्हा जनूभाऊ म्हणाले, अर्धा अर्धा. घरात आहे तसं.

अशी 'होळी व्हिजन प्रायव्हेट लिमिटेड' जन्माला आली. मुंबईला फोन केला की पलीकडचा माणूस हमखास विचारायचा, तुम्ही फक्त होळीलाच शूटिंग करता का? नाव बदला असं मी सुचवलं. जनूभाऊ म्हणाले, बदलू, पण मग गावाला काय सांगू?

कायद्यानं बोर्ड मीटिंग घ्यावी लागते हे कळल्यावर जनूभाऊ ती अगदी मनापासून घेऊ लागले. दर तिमाहीला, विहिरीच्या काठावर. ते इस्त्रीचा शर्ट घालून येत. वहिनी मोगऱ्याच्या कळ्यांची टोपली घेऊन बसत, कारण नुसतं बसणं त्यांना जमत नसे. इतिवृत्त लिहायला मी. जनूभाऊ गंभीर आवाजात कंपनीची प्रगती वाचून दाखवत. नवा कॅमेरा, एडिटिंगचं यंत्र, नवघरला भाड्यानं घेतलेलं ऑफिस. वहिनी सगळं ऐकत आणि शेवटी आपला विषय मांडत. एकदा त्यांनी ठराव मांडला की पानवेलीत कोणी चप्पल घालून जाणार नाही, मग तो हिरो का असेना. ठराव एकमतानं मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी मुंबईचा एक नामांकित नट केळीच्या बुंध्याशी बूट काढत बसलेला मी स्वतः पाहिला.

डायरेक्टर या शब्दानं मात्र फार घोटाळे केले. एक नवी नटी आली होती, दादरची, बिचारी घाबरलेली. तिनं कोणाला तरी विचारलं, डायरेक्टर कुठे आहेत? त्यानं विहिरीकडे बोट दाखवलं. ती जाऊन वहिनींच्या पाया पडली आणि म्हणाली, मॅडम, मला हा रडण्याचा सीन जमत नाहीये, कसा करू? वहिनींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाल्या, आधी पदर खोच आणि ती कळशी भरून घरापर्यंत नेऊन ठेव, मग बघू. मुलीनं कळशी उचलली, अर्ध्या वाटेत तिचा दम निघाला, डोळ्यांत पाणी आलं, आणि खऱ्या दिग्दर्शकानं घाईघाईनं कॅमेरा लावून तो सीन घेऊन टाकला. मालिकेतला सगळ्यांत गाजलेला सीन तो. त्याबद्दल दिग्दर्शकाला एक मानपत्रही मिळालं. वहिनींना त्या मुलीनं एक लुगडं आणून दिलं.

माणसं निवडायची ती चेहऱ्यावरून, हा जनूभाऊंचा कायदा कायम राहिला. मालिकेत निम्मी वसई कामाला होती. तो खबरी कॅशियर खरंच खबरी झाला. राजोडीच्या किनाऱ्यावर एक मासेवाली मावशी त्यांना सापडली. तिला एकच वाक्य होतं, 'थांबा, पाणी आणते.' मावशी म्हणायची, "थांबा, पानी आनते." दिग्दर्शकानं पुन्हा घेतलं, पुन्हा घेतलं. सातव्यांदा तिनं पाटी डोक्यावर ठेवली आणि शांतपणे म्हणाली, मग तुमच्या त्या हिरोइनबाईलाच आनायला सांगा. आणि निघाली. जनूभाऊ वाळूतून तिच्यामागे धावत गेले, तिला परत आणलं आणि दिग्दर्शकाला सांगितलं, पानीच राहू दे. भाग दाखवल्यानंतर किनाऱ्यावरच्या गावांतून जेवढी पत्रं आली तेवढी नायिकेलाही आली नव्हती. टीव्हीवर आमच्यासारखं कोणीतरी बोललं, एवढंच बहुतेकांनी लिहिलं होतं.

ती सात-आठ वर्षं आठवली की मला अजून बरं वाटतं. शाळा सुटली की मी तुळिंजला जायच्या ऐवजी होळीला जायची. घरच्यांनी कुरकुर केली आणि मग सवय करून घेतली. वाडीत बांबूवर लाइट लावलेले, कोणीतरी संवाद पाठ करतंय, वहिनी सगळ्या युनिटला केळफुलाची भाजी वाढतायत, आणि जनूभाऊ मधे उभे राहून नव्या माणसाला सांगतायत, बसा, आपलीच कंपनी आहे. एक मालिका संपली, दुसरी आली, तिसरी आली. नवघरचं ऑफिस दुमजली झालं. भिंतीवर चषक आले. जनूभाऊंच्या नावाची पाटी आली आणि तिच्याखाली, त्यांच्याच हट्टानं, तेवढीच मोठी दुसरी पाटी: श्रीमती जानकी चुरी, डायरेक्टर. वहिनी त्या ऑफिसात एकदाच गेल्या. पाटी पाहिली, पुसली आणि परत आल्या.

मग रोजच्या मालिकांचे दिवस आले. आठवड्याला एक भाग करणाऱ्या कंपनीला रोज एक भाग करायचा म्हणजे मोठा स्टुडिओ, मोठी फौज हवी. अंधेरीचे एक साहेब, त्यांची मोठी निर्मितीसंस्था होती, एका सकाळी वाडीत आले. त्यांची गाडी वाडीच्या गल्लीत कुंपणाच्या बांबूंमध्ये अडकली आणि ती मागे ढकलायला सगळं गाव जमलं, त्यामुळे साहेब का आले आहेत हे कोणापासून लपून राहिलं नाही. त्यांना होळी व्हिजन विकत हवी होती. पूर्ण. जनूभाऊंनी मुंबईत त्यांच्याबरोबर काम करायचं, त्यांची मालिका रोज घराघरात दिसेल.

साहेब वाईट माणूस नव्हते. वहिनींनी त्यांना ताक दिलं आणि विचारलं, शूटिंग इथेच करणार ना? ते खोटं बोलू शकले असते. पण म्हणाले, नाही ताई, स्टुडिओत. कलाकारही तिथलेच असतील.

"मग माझी अर्धी राहू दे," वहिनी म्हणाल्या. "त्याची त्याला द्यायची असेल तर देऊ दे."

अर्धी कंपनी घेऊन उपयोग नाही, हे साहेबांनी तीन प्रकारांनी समजावलं. वहिनींनी तिन्ही वेळा मान हलवली आणि त्यांचा पेला विसळायला नेला.

जनूभाऊंना जायचं होतं. मी त्यांना इतकी वर्षं पाहिलं होतं, पण एखादी गोष्ट इतकी हवीशी झालेली पाहिली नव्हती. ते वहिनींवर ओरडले नाहीत. फक्त बोलायचे थांबले. तीन आठवडे त्या घरात माझ्यामार्फत संभाषण झालं. बाई, तिला सांगा पंपाचा पट्टा बदललाय. बाई, त्याला सांगा डबा भरलाय. डबा मात्र एक दिवस चुकला नाही, आणि तो रिकामा होऊन परत यायचाही चुकला नाही.

एके दिवशी मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला की तुमच्याकडे कोणी बाई आल्यात. शाळेच्या पायऱ्यांवर वहिनी बसल्या होत्या. नेसूचं लुगडं घडीचं होतं. मी शेजारी बसले.

"बाई, तो तिकडे गेला तर मोठा होईल का?"

मी म्हटलं, होईल असं वाटतं.

"आणि नाही गेला तर?"

मी खरं तेच सांगितलं. "इथे राहतील, वहिनी. पण जायचं राहिलं हे त्यांच्या मनात राहील."

त्यांनी मान डोलावली. मग उठल्या. दोन दिवसांनी त्यांनी सही केली. आपलं नाव त्या नेहमीच एकेक अक्षर जोडून, सावकाश लिहीत. त्या दिवशी आणखी सावकाश लिहिलं.

पुढचं सांगायला फार नाही. जनूभाऊ अंधेरीला जाऊ लागले. पहिलं वर्ष बरं गेलं. तिथेही त्यांनी लोकांचे चेहरे ओळखायला सुरुवात केली. एका मोठ्या अधिकाऱ्याला त्यांनी सांगितलं की तुमचा चेहरा चुकून भलत्या घरात शिरलेल्या पाहुण्याचा आहे. इथे तो हसला असता. तिथे हसला नाही. कलाकार निवडायला वेगळा विभाग होता. गोष्ट ठरवायला वेगळा. हळूहळू त्यांना बैठकीला बोलवायला लोक विसरू लागले. कंपनीचं नाव बदललं, आणि मालिकेच्या शेवटी वेगानं पळणाऱ्या अक्षरांत 'होळी' हा शब्द दिसेनासा झाला. करार संपला, तो पुढे वाढवला नाही. निरोपाला त्यांना पुष्पगुच्छ दिला. तो त्यांनी वहिनींना आणून दिला. वहिनींनी त्यातली फुलं पाहिली आणि म्हणाल्या, ही आपल्याच बाजारातली आहेत.

आपण निवृत्त झालो असं ते सगळ्यांना सांगत. मला ते कधी एका शब्दानं बोलले नाहीत, पण शाळेच्या पायऱ्यांवर मी दिलेलं उत्तर मला बरीच वर्षं टोचत राहिलं. कदाचित म्हणूनच माझं होळीला जाणं कमी झालं. मुलीचं कॉलेज, मग तिची नोकरी, कारणं काय, सापडतात.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका घेऊन मी एका दुपारी वाडीत गेले. वहिनींची दृष्टी काचबिंदूनं गेली आहे हे कानावर आलं होतं, डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. अंगणात पोचले तर ओटीवरून टीव्हीचा आवाज येत होता आणि त्याच्या वर जनूभाऊंचा. मी दारातच थांबले.

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. जनूभाऊ त्यांच्याजवळ जमिनीवर. टीव्हीवर त्यांच्या जुन्या कंपनीची मालिका चालू होती, दुपारी पुन्हा दाखवतात ती. पडद्यावर संगमरवरी जिना होता, झुंबर होतं, जरीच्या साड्या नेसलेल्या तीन बायका एकमेकींकडे पाहत होत्या. आणि जनूभाऊ वहिनींना सांगत होते, आता धाकटी सून घरातून निघाली. केळीतून चाललीय. यंदा केळी छान आल्यायत, फ्रेममध्ये हिरवंगार दिसतंय. कॅशियर मागे उभा आहे, ऐकतोय. आता ती विहिरीवर आली. कळशी ठेवली.

मला पाहिल्यावर त्यांनी हातानंच बसायची खूण केली. बोलणं थांबवलं नाही. चेहऱ्यावर ओशाळेपणाही नव्हता. जाहिरात लागली तेव्हा उठून म्हणाले, बाई आल्यात वहिनी, मी चहा टाकतो. आणि आत गेले.

वहिनींनी चाचपडत माझा हात धरला. मुलीची चौकशी केली. मग स्वयंपाकघराच्या बाजूला कान देऊन, आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या टीव्हीत सारखा लिफ्टचा आवाज येतो, बाई. आपल्या वाडीत कुठली लिफ्ट?"

त्यांनी माझा हात दाबला.

"त्याला म्हणू नका हां. दिवसभर त्या केळीत कोणाशी बोलणार तो? हा अर्धा तास काय तो बोलतो."

आतून कपबशा वाजल्या. जनूभाऊ तीन कप घेऊन आले, एक वहिनींच्या हातात नीट बसवला, दुसरा मला दिला, आणि जमिनीवर टेकत म्हणाले, कुठे होतो आपण?

"विहिरीवर," वहिनी म्हणाल्या. "कळशी ठेवली तिनं. पुढे सांग."